मनातल्या सरावाला घड्याळ लावा

डोळे मिटून खेळाचा किंवा एखाद्या कामाचा सराव मनात कसा करायचा, याबद्दल आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडले आहेत. बहुतेक पत्रांत एकच घोळ दिसतो. जिंकल्याचं चित्र बघणं आणि खेळाचा मनात सराव करणं या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. त्यामुळे पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : मी बॅडमिंटन दुहेरी खेळते. रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वीस मिनिटं सामना जिंकतानाचं दृश्य डोळ्यांसमोर आणते. दोन महिने झाले, पण शॉर्ट सर्व्हिस होती तशीच आहे. एक तर जाळीत जाते, नाहीतर उंच उठते आणि समोरची खेळाडू ती ठोकते. काय चुकतंय?

उत्तर : त्या वीस मिनिटांत सर्व्हिस किती वेळा झाली, ते आठवून पाहा. बहुधा एकदाही नाही. चषक, टाळ्या, जोडीदाराची मिठी यांत मनगटाला करण्यासारखं काहीच नसतं. प्रत्यक्ष हालचाल करताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यांतले बरेचसे ती हालचाल नीट कल्पिली तरी कामाला लागतात. पण मुळात कल्पनेत हालचाल तर हवी.

१९९५ साली अल्व्हारो पास्क्वाल-लिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा एक छोटा धडा दिला होता. एक गट पाच दिवस रोज दोन तास तो वाजवत होता. दुसरा गट तेवढाच वेळ पियानोसमोर बसून, बोटं न हलवता, तोच धडा मनात वाजवत होता. बोटांशी संबंधित मेंदूच्या भागात दोन्ही गटांत सारख्याच प्रकारचे बदल दिसले. वाजवण्यात मात्र मनातला गट मागे होता. पाचव्या दिवशी तो प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच पोचला होता. मग त्या गटाला एकदाच दोन तास प्रत्यक्ष वाजवायला दिलं आणि त्याने बरोबरी गाठली. मनातल्या सरावाची ताकद आणि मर्यादा दोन्ही यात आल्या. तो जमीन तयार करतो, पण हात चालवल्याशिवाय पीक येत नाही.

आता तुमची सर्व्हिस. आधी अंथरूण सोडा. झोपेच्या तोंडावर, आडवं पडून केलेली कल्पना विरघळत जाते, शिवाय आडव्या अंगाने कोणी सर्व्हिस करत नाही. उभ्या राहा. पायांत खेळायचे बूट, हातात तीच रॅकेट. पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स यांनी २००१ साली मनातल्या सरावाची जी चौकट मांडली, तिचा गाभा हाच आहे की कल्पना प्रत्यक्षाच्या जितकी जवळ, तितकी उपयोगी. शरीराची ठेवण, जागा, काम, वेळ, शिकण्याचा टप्पा, भावना आणि दृष्टिकोन या सगळ्या बाबतींत ती जवळ हवी.

बॅकहँड शॉर्ट सर्व्हिस असेल, आणि तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल, तर क्रम साधारण असा. उजवा पाय पुढे, वजन चवड्यावर. रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूवर अंगठा टेकलेला, पकड सैल. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत शटलच्या पिसांची कड. नजर एकदा पलीकडच्या शॉर्ट सर्व्हिस लाइनवर, मग शटलवर. श्वास सोडायचा. रॅकेट जेमतेम मागे, आणि अंगठ्याने ढकलल्यासारखा छोटा धक्का. कॉर्कचा बारीक आवाज. शटल वर चढतं, जाळीच्या अलीकडेच माथा गाठतं आणि जाळीवरून जाताना उतरायला लागलेलं असतं. या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फटका बसताना अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावं लागतं, आणि जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते. म्हणजे शटलला वर चढावंच लागतं. प्रश्न इतकाच की ते कुठे माथा गाठतं. तुमच्या मनातलं शटल जाळी ओलांडल्यावरही चढत असेल, तर कोर्टवर ते तसंच जाणार आणि ठोकलं जाणार.

नंतर घड्याळ. मैत्रिणीला सांगून तुमच्या पाच खऱ्या सर्व्हिस मोजून घ्या, पवित्रा घेतल्यापासून शटल पलीकडे पडेपर्यंत. समजा प्रत्येकीला सहा सेकंद लागले. आता मनात सर्व्हिस करा आणि सुरुवातीला व शेवटी बोटाने स्टॉपवॉच दाबा. दोन सेकंदांत आटोपलं, तर तुम्ही पायऱ्या गाळताय, बहुधा श्वास आणि नजर. पंधरा सेकंद लागले, तर तुम्ही सर्व्हिस करत नसून तिचं वर्णन करताय. जाँ देसेती आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवलं होतं, की ठरावीक अंतर मनात चालून जायला लोकांना जवळपास प्रत्यक्ष चालण्याइतकाच वेळ लागतो. वेळ जुळणं ही कल्पना धड चालल्याची सगळ्यांत सोपी खूण आहे. फटका नव्याने शिकताना हळू गतीत बघायला हरकत नाही, पण शेवटच्या दोन-तीन फेऱ्या खऱ्या वेगातच हव्यात.

प्रमाण थोडं ठेवा. पाच सर्व्हिस मनात, लगेच पाच कोर्टवर, असं तीनदा. मनातल्या पंधरा सर्व्हिसना, मधल्या विश्रांतीसकट, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. हे आठवड्यातून चार-पाच वेळा केलंत तर पुरे. नीट जमायला लागलं की गुणफलक १९–१९ वर आणा. तळहाताला आलेला घाम, समोर वाकून उभी असलेली प्रतिस्पर्धी, हेही त्यात घ्या. पहिल्या दिवशी हे सगळं कोंबू नका. आधी दोन-तीन तपशील, मग अंगातली जाणीव, दडपण सगळ्यांत शेवटी.

प्रश्न : फुटबॉलमध्ये संघाच्या पेनल्टी मी मारतो. मनात सराव करायला बसलो की चेंडू हमखास बारवरून जातो. 'वर जाऊ द्यायचा नाही' असं कितीही बजावलं तरी तेच.

उत्तर : बजावताय म्हणूनच. 'वर नको' या सूचनेत वर जाणारा चेंडू आधी बघावा लागतो. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या गोल्फच्या प्रयोगात चुकलेल्या 'पट'ची, म्हणजे चेंडू खळगीत ढकलण्याच्या हलक्या फटक्याची, कल्पना कामगिरीला मारक ठरली, आणि ती कल्पना दाबायला सांगूनही भागलं नाही.

चेंडूचा नाद सोडा आणि पायाकडे या. चेंडू वर का जातो? टेकवलेला पाय चेंडूच्या मागे पडतो, धड मागे झुकतं आणि बूट चेंडूच्या खालच्या भागात शिरतो. म्हणून पूर्ण पेनल्टी मनात मारू नका, फक्त शेवटची दोन पावलं घ्या. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला, त्याचा चवडा लक्ष्याकडे. छाती चेंडूवर. घोटा घट्ट. बूट चेंडूच्या मध्यावर. इथेच थांबा, चेंडू कुठे गेला ते पाहूच नका. असं आठ-दहा वेळा सुरळीत झालं की पुढचा तुकडा जोडा, आणि लक्ष्य नेमकं घ्या. '७.३२ मीटर रुंद गोल' हे लक्ष्य होत नाही. खालच्या कोपऱ्यातला जाळीचा एक चौकोन हे लक्ष्य झालं. चित्र पुन्हा बिघडलं तर पूर्ण होऊ देऊ नका. मध्येच तोडा आणि शेवटच्या बरोबर क्षणापासून पुन्हा सुरू करा.

एक शक्यता तपासून घ्या. कोणाला तरी तुमच्या दहा खऱ्या किका बाजूने मोबाइलवर टिपायला सांगा. त्यांतल्या बऱ्याच वरून जात असतील, तर तुमची कल्पना खोटं बोलत नाहीये. दुरुस्ती मनात नव्हे, प्रशिक्षकाबरोबर मैदानावर करायची आहे. चुकीच्या तंत्राचा मनापासून सराव केला तर चूकच पक्की होते.

प्रश्न : मला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. नुसता अंधार. बाकीच्यांना खरंच चित्र दिसतं का?

उत्तर : बहुतेकांना दिसतं, कोणाला लख्ख, कोणाला धूसर. काहींना अजिबात नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० सालीच हा फरक नोंदवला होता. या स्थितीला अफॅन्टेझिया हे नाव २०१५ मध्ये अ‍ॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी दिलं. हा आजार नाही.

चित्राचा हट्ट सोडून अंगाच्या जाणिवेवर भर द्या. हाताचं वजन, स्नायूचा ताण, पावलांचा ठेका, श्वासाची लय हे सगळं मनात आणता येतं का पाहा. वस्तू हातात धरून, डोळे उघडे ठेवून, नेहमीच्या जागी उभं राहून करा. योग्य हालचालीचा छोटा व्हिडिओ समोर चालू ठेवून, तो चालू असतानाच आपल्या अंगात ती हालचाल जाणवून घेणं हा तुमच्यासाठी बहुधा सगळ्यांत सोयीचा रस्ता. सोबत दोन-तीन शब्दांचा ठेका जोडा : 'खाली–वळ–सोड'. आणि हे दोन आठवड्यांत जमलंच नाही, तर सोडून द्या. प्रत्यक्ष सरावाला हा काही अनिवार्य जोड नाही.

प्रश्न : स्वतःच्या डोळ्यांतून बघायचं, की स्वतःला बाहेरून?

उत्तर : चेंडूला, प्रतिस्पर्ध्याला किंवा बदलत्या परिस्थितीला प्रतिसाद द्यायचा असेल तिथे आतून. जिमनॅस्टिक्स, कराटेतले काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम), डायव्हिंग अशा शरीराच्या आकृतीला महत्त्व असलेल्या प्रकारांत बाहेरून पाहण्याचा फायदा दिसला आहे. मात्र बाहेरून बघताना अंगातली जाणीव सोडायची नाही, नाहीतर ते नुसतं प्रेक्षक होणं झालं. कॅमेरा कधी आत, कधी बाहेर उडत असेल तर काळजी करू नका. बऱ्याच जणांचा उडतो.

प्रश्न : मनगटाचं हाड मोडलंय, चार आठवडे प्लास्टर आहे. या काळात कल्पनेने ताकद टिकवता येते असं ऐकलं. यात तथ्य किती?

उत्तर : तथ्य आहे, चमत्कार नाही. २०१४ साली ब्रायन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांचं मनगट चार आठवडे प्लास्टरसारखं बांधून ठेवलं. त्यांतल्या एका गटाने आठवड्यातून पाच दिवस मनगट पूर्ण ताकदीने आवळल्याची कल्पना केली. नुसतं बांधून ठेवलेल्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली, कल्पना करणाऱ्यांची सुमारे २४ टक्के. त्याआधी १९९२ मध्ये ग्वांग यू आणि केली कोल यांच्या प्रयोगात चार आठवडे करंगळीचा फक्त मनात व्यायाम केलेल्यांची ताकद २२ टक्के वाढली होती, खरा व्यायाम केलेल्यांची ३० टक्के. असा फायदा मुख्यतः मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या आदेशात होतो. मनात आवळून स्नायू जाड होत नाही, आणि हाडही लवकर जुळत नाही.

करायचं असं. हात आधारावर सैल ठेवा. पाच सेकंद मनगट पूर्ण जोराने आवळल्याची कल्पना, पाच सेकंद विश्रांती. असे दहा-बारा झाले की एक मिनिट थांबा, आणि असे तीन-चार संच करा. इथे ताकद बघायची नाही, लावायची आहे. तरीही प्लास्टरच्या आत स्नायू खरोखर आवळले जाऊ नयेत. दुसऱ्या हाताची बोटं कोपराखालच्या स्नायूवर ठेवली की ते कळतं. तुमचं हाड खरंच मोडलेलं आहे, प्रयोगातल्या लोकांचं नव्हतं. म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा. नुसत्या कल्पनेनेही दुखायला लागलं तर थांबा आणि त्यांना कळवा.

प्रश्न : नोकरीत महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर सादरीकरण करावं लागतं. तज्ज्ञ सांगतात, सगळं छान होतंय अशी कल्पना करा. मी करतो, पण पहिली अडचण आली की कोसळतो.

उत्तर : कारण अडचणीचा सराव झालेलाच नसतो. वर पेनल्टीवाल्या वाचकांना चुकीचं चित्र तोडायला सांगितलं आणि तुम्हाला अडचण मनात आणायला सांगतोय, यात विसंगती वाटेल. फरक असा की चूक बघत बसायची नाही, चुकीनंतर आपण काय करतो तिथपर्यंत जायचं.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत पाणी शिरलं. शेवटी त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तो हाताचे स्ट्रोक मोजत भिंतीपर्यंत पोचला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला. प्रशिक्षक बॉब बोमन यांनी त्याला शर्यत मनात चालवायची सवय लावली होती, आणि बिघडलेल्या शर्यतीही त्यात होत्या. पण किती स्ट्रोक मोजायचे हा आकडा त्याला आधीच ठाऊक होता, हे विसरू नका. पूर्वतयारी नसती तर नुसती शांत कल्पना त्याला भिंतीपर्यंत घेऊन गेली नसती.

तुमच्या सादरीकरणातल्या तीन अडचणी लिहून काढा. प्रोजेक्टर बंद पडला, मध्येच आकडा विचारला, पुढचं वाक्य आठवेना. प्रत्येकीपुढे 'असं झालं, तर मी…' असं एकच कृतीचं वाक्य. 'शांत राहीन' ही कृती नव्हे. 'शब्द सुचेना, तर हातातल्या कागदावरचा पुढचा मुद्दा मोठ्याने वाचेन' ही कृती. मग उभं राहून, कागद हातात घेऊन मनात सुरुवात करा. दारातून आत येणं, पाण्याचा पेला ठेवणं, पहिली दोन वाक्यं. ही वाक्यं मोठ्याने म्हणा. छातीतली धडधड पुसून टाकू नका, ती येणारच आहे. धडधड चालू असताना पहिलं वाक्य सावकाश म्हटलं, असा सराव करा. अडचणीचा प्रसंग पाचातून एखाद्याच फेरीत घ्या, आणि शेवटची फेरी नेहमी सुरळीत.

प्रश्न : मुलगा अभ्यासाच्या टेबलासमोर ९५ टक्क्यांची काल्पनिक गुणपत्रिका लावून रोज तिच्याकडे बघतो. याने प्रेरणा मिळते म्हणतो.

उत्तर : भिंत छान दिसत असेल. लिएन फॅम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये हेच तपासलं. परीक्षेआधीचे काही दिवस काही विद्यार्थ्यांनी रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याची कल्पना केली, काहींनी अभ्यासाला बसण्याची. अभ्यासाची कल्पना करणाऱ्यांनी जास्त तास अभ्यास केला आणि गुणही जास्त मिळवले. फक्त निकाल रंगवणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. गोड निकाल मनात भोगून झाला की धावपळीची निकड कमी होते.

मुलाला रोज अभ्यासाआधी तीन मिनिटं एवढंच करायला सांगा : मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतोय, खुर्ची ओढतोय, अमुक धड्याचं अमुक पान उघडतोय, पहिलं गणित वहीत उतरवतोय. डोळे उघडले की लगेच तेच करायचं. गुणपत्रिका काढून टाकायची गरज नाही. त्यावरून घरात भांडण नको.

प्रश्न : गाडी चालवायला शिकतेय. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, कडेला समांतर गाडी लावणं काही केल्या जमत नाही. यात मनातला सराव चालेल?

उत्तर : चालेल, आणि चांगला चालेल. ज्या कामात क्रम आणि निर्णय यांचा भाग मोठा असतो तिथे मनातल्या सरावाचा फायदा निव्वळ ताकदीच्या किंवा चपळाईच्या कामापेक्षा जास्त दिसतो. क्रमाला चार थांबे करा. पुढच्या गाडीच्या बाजूला, साधारण अर्धा ते एक मीटर अंतर सोडून, दोन्ही गाड्यांचे मागचे बंपर एका रेषेत. स्टिअरिंग कडेच्या दिशेने पूर्ण फिरवून मागे, गाडी ४५ अंशांत तिरकी होईपर्यंत. मग स्टिअरिंग सरळ. तुमच्या गाडीचा पुढचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून सुटला, की स्टिअरिंग पूर्ण उलट. 'बंपर–तिरकं–सरळ–उलट' असं म्हणत, बंद गाडीत बसून करा. प्रत्येक थांब्याला कोणत्या आरशात काय दिसायला हवं, तेही मनात बघा. बहुतेकांचं चौथ्या थांब्यावर बिघडतं, कारण घाईने उलट फिरवतात आणि पुढचा कोपरा घासतो. क्लच आणि ब्रेकचा अंदाज मात्र मनात येत नाही. तो पायालाच शिकावा लागतो.

प्रश्न : उपयोग होतोय की नाही, हे कसं ओळखायचं? आणि एकदा जमलं की किती दिवस टिकतं?

उत्तर : 'आत्मविश्वास वाढला' ही नोंद फार कामाची नाही. मोजता येईल असं काही घ्या. वीस सर्व्हिसपैकी किती ठरलेल्या पट्ट्यात पडल्या, वीस फ्री थ्रोंपैकी किती बास्केटमध्ये गेले. सुरुवातीला दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि पुढे दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, अंग गरम केल्यावर. शक्य असेल तर दोन फटके निवडा. एकाला मनातला सराव जोडा, दुसऱ्याला नाही. प्रत्यक्ष सराव दोन्हींना सारखा ठेवा. दोन्ही सारखेच सुधारले, तर श्रेय कल्पनेला देऊ नका.

टिकण्याबद्दल : जेम्स ड्रिस्केल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात मनातल्या सरावाचा परिणाम खरा, पण प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी दिसला. तो दोन आठवड्यांत साधारण निम्म्यावर आणि तीन आठवड्यांत जवळपास नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. वेळ वाढवत नेल्यानेही फायदा वाढत नव्हता. त्यांच्या हिशेबात वीसेक मिनिटं ही वरची मर्यादा ठरते. आमच्या मते एकाग्रता त्याआधीच सुटते, म्हणून दहाच मिनिटं धरा. स्पर्धा दूर असेल तर आठवड्यातून एक-दोनदा उजळणी पुरते, शेवटच्या दोन आठवड्यांत वाढवा. आणि चार आठवडे नेमाने करूनही आकडा हलला नाही, तर त्या फटक्यासाठी हा प्रकार बंद करा आणि तो वेळ प्रशिक्षकाला द्या.